करडी रेघ

त्या गुरुवारी मी कचेरीत गेले तेव्हा माझ्यापुढे एकच काम होतं. अकरा सेकंदांत उघडणारा नकाशा एका सेकंदात उघडायला लावायचा. काम साधं होतं. अशी कामं मी वीस वर्षं केली आहेत आणि कधी कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

आमची कंपनी करागांदातली. अ‍ॅपचं नाव 'तुयाक', म्हणजे खूर. घोड्याच्या मानेत पट्टा असतो आणि पट्ट्यातलं यंत्र दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा कळवतं. कळप माळावर कुठे भरकटला ते राखणदाराला फोनवर दिसतं, आणि तो स्वतः कुठे आहे तेही. ही सगळी माहिती आमच्या इमारतीत राहत नाही. ती राहते क्लाउडमध्ये, म्हणजे पावलोदारकडच्या भाड्याच्या यंत्रांवर. सहा हिवाळ्यांचं ओझं साठलं आणि अ‍ॅप म्हाताऱ्या घोड्यासारखं धापा टाकू लागलं.

माझा धाकटा भाऊ येरसायिन याच अ‍ॅपच्या भरवशावर कारकाराली डोंगरांपलीकडे एकशे चाळीस घोडे राखत होता. मीच ते त्याच्या गळ्यात मारलं होतं. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना उरलो आहोत. त्यामुळे नकाशा अडला की आमच्या साहेबाला, बेकझातला, गिऱ्हाईक आठवायचं आणि मला माझा भाऊ.

"राउशान आपा," बेकझात सकाळीच टेबलाशी येऊन उभा राहिला. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणून साहेब असूनही मला आपा म्हणतो. "उद्या अस्तानाहून माणसं येणार आहेत. चार हजार घोडे आहेत त्यांचे. नकाशा असा रांगत उघडला तर चहा संपायच्या आत उठून जातील."

"मग चहा जास्त पाज."

"करा चेष्टा. संध्याकाळी रडायला मीच बसणार आहे."

दुपारपर्यंत मला चोर सापडला. एकच खातं होतं. हवा बिघडणार असली की हे खातं आपल्या सहा हिवाळ्यांच्या सगळ्या वाटा पहिल्यापासून शेवटपर्यंत मागून घ्यायचं. एकदा वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ बाकी सगळ्यांचे नकाशे रांगेत ताटकळायचे. मागणी कुठल्या फोनवरून आली ते दाखवणारा एक रकाना असतो. या खात्यापुढे तो रिकामा होता. तो रिकामा राहूच शकत नाही, कारण तो रकाना मीच बनवला होता आणि फोनशिवाय मागणी आत शिरत नाही.

खातेदाराचं नाव होतं सेइतकाली. मी ते दोनदा वाचलं. जुने राखणदार सेइतकाली अगा मागच्या फेब्रुवारीत बुरानमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिमवादळात, गेले हे त्या भागात पोराटोरांनाही माहीत होतं. कुणाचा तरी कळप वाचवायला गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्याच कुरणावर आता येरसायिन होता.

मी त्यांच्या बायकोला, बालझान आपांना, फोन लावला.

"आपा, मी तुयाकमधून राउशान. येरसायिनची बहीण. अगांचा फोन आता कोण वापरतं?"

"कुठला फोन गं पोरी? तो त्यांच्याबरोबर बर्फात गेला. माणूस बर्फ वितळल्यावर मिळाला. फोन नाही मिळाला." मागे तेल चरचरत होतं. "थांब, आच कमी करते. गुरुवार ना आज, शेलपेक तळतेय."

शेलपेक आमच्याकडे घरोघरी तळतात. कणकेच्या पातळ पोळ्या, सात, गेलेल्या माणसांच्या नावाने. माझ्या आईच्या माघारी मी मात्र एकदाही तळल्या नव्हत्या. शहरात कुणाला वेळ असतो?

"तू तळतेस का?" त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"वेळ होत नाही, आपा."

"वेळ काढायचा. जिवंत माणसाला पोटभर लागतं, गेलेल्याला नुसता वास पुरतो. तेवढासुद्धा द्यायचा नाही म्हणजे काय?" मग त्यांचा आवाज उतरला. "पण तू फोनचं का विचारलंस?"

"काही नाही... अगांचं खातं अजून चालू दिसतंय."

पलीकडे कढई खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असू दे चालू," त्या म्हणाल्या. "वादळाची कुणकुण लागली की ते असेच झोपेतून उठून बसायचे. कोण कुठे अडकलंय, कुणाला आणायचंय... तू त्यांना दार लावू नकोस, पोरी."

मी हे बेकझातला सांगितलं, जरा हसतहसतच.

"नाकापेक्षा मोती जड झाला हा," तो म्हणाला. "एका मेलेल्या माणसापायी चार हजार घोडे घालवायचे?"

"असं बोलू नये."

"बरं, नाही बोलत. खोडूही नका. थंड साठ्यात टाका, म्हणजे तुमचं मन राहील आणि माझं काम होईल."

ज्या माहितीला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही ती आम्ही थंड साठ्यात ठेवतो. तिथे ती सुरक्षित असते, पण कुणाला मागता येत नाही. परत हवी झाली तर बाहेर काढायला बारा तास लागतात. मला बालझान आपांचं बोलणं आठवत होतं, तरी मी ते खातं तिथे टाकलं. एक कळ दाबली, बस्स. नकाशा अर्ध्या सेकंदात उघडला. बेकझातने टाळ्या वाजवल्या, केक मागवला आणि पहिला तुकडा मला भरवला. मी तो आवडीने खाल्ला.

शुक्रवारी सकाळी अंदाज नसताना बुरान आला. करागांदात समोरची इमारत दिसेनाशी झाली. बुरानचा अंधार काळा नसतो. भर दिवसा सगळं पांढरं होऊन जातं आणि त्या पांढऱ्यात स्वतःचा हातही सापडत नाही. अस्तानाची माणसं वाटेतच अडकली, म्हणून बेकझात वैतागून फेऱ्या मारत होता. अकरा वाजता माझा फोन वाजला.

"आपा," येरसायिन ओरडत होता. वाऱ्याने त्याचे अर्धे शब्द पळवले होते. "कळप वाऱ्याबरोबर पळाला. वळवायला निघालो होतो. आता मला माझ्या घोड्याचे कानसुद्धा दिसत नाहीत."

मी नकाशा उघडला. तो लगेच उघडला. त्याचा ठिपका दिसला, तळाचा ठिपका दिसला.

"घाबरू नकोस. तळ तीन किलोमीटरवर आहे. सरळ उत्तरेला ये."

"सरळ मध्ये घळ आहे, आपा! घोड्यासकट खाली जाईन. वळसा कुठून घ्यायचा ते रेघ सांगते ना. आज रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"तीच, करडी! वादळ आलं की नकाशावर उमटते ती. तिच्यावरून घोडा घातला की थेट तळावर पोचतो. मागच्या महिन्यात दोनदा आलो की तसाच. तुम्हीच बनवलीत ना ती?"

अशी रेघ आम्ही कधीच बनवली नव्हती. मी बेकझातकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने नुसती मान हलवली आणि तो खुर्चीत बसला.

सेइतकाली अगा कुणासाठी सहा हिवाळ्यांच्या वाटा पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, ते मला त्या क्षणी समजलं. मी खातं बाहेर काढायचा हुकूम सोडला. पडद्यावर उत्तर आलं: बारा तास.

"येरसायिन, ऐक. आहेस तिथेच थांब. घोड्याच्या आडोशाला बस. झोपू नकोस, ऐकतोयस ना, झोपू नकोस."

"फोन अकरा टक्क्यांवर आहे, आपा..."

"मी रेघ आणते. मी आणते."

"लवकर आण," तो म्हणाला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी म्हणायचा तसंच. बारा वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा ठिपका विझला.

ते बारा तास मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. रात्री अकरानंतर खातं बाहेर आलं, पण येरसायिनचा ठिपका उजळला नाही. बालझान आपांना फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वादळ शमलं आणि तळावरच्या जुन्या बटणांच्या फोनवरून कॉल आला.

"आपा, पोचलो."

मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले. बेकझातही रडला, आणि नंतर मला रडण्यावरून चिडवू लागला. बऱ्याच वेळाने मी येरसायिनला विचारलं, "आलास कसा रे?"

"कुणीतरी पुढे होतं. करड्या घोड्यावर. मी हाका मारल्या, पण त्याने मागे पाहिलं नाही. मी आपला त्याच्या मागे मागे आलो."

"किती वाजले होते?"

"कुणास ठाऊक. फोन तर बर्फातच पडला कुठेतरी," तो म्हणाला. "थंडी वाजायची थांबली होती... त्यानंतर."

रस्ते मोकळे झाल्यावर मी जाऊन त्याला भेटले. धडधाकट होता. त्याचा हात हातात घेतला तर बर्फासारखा लागला. नुकताच बाहेरून आलाय, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस मी तिथे होते. दोन्ही दिवस तो शेगडीपासून लांब, दाराशी बसला. मी नेलेलं मांस त्याने कौतुकाने वाढून घेतलं आणि ताट तसंच बाजूला सरकवलं. "नंतर खातो, आपा." हसला मात्र अगदी पूर्वीसारखा. मला तेवढं पुरलं. तेवढ्यावर मी परत आले.

डिसेंबरात नकाशा पुन्हा अडू लागला. आता बावीस सेकंद. बेकझात माझ्या टेबलाशी आला, पण या वेळी त्याने आवाज चढवला नाही.

"आपा, आता दोन खाती आहेत. वादळाआधी दोघंही सगळं पहिल्यापासून वाचतात. एक तेच."

"आणि दुसरं?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. फोनचा रकाना रिकामा होता. खातेदार येरसायिन. मी त्याला नवा फोन अजून घेऊन दिला नव्हता. बटणांच्या फोनवर आमचं अ‍ॅप चालत नाही.

"काय करायचं?" बेकझातने हळूच विचारलं. "थंड साठ्यात..."

"हात लावलास तर हात तोडीन."

त्याने हात लावला नाही. अस्तानाची माणसं आली, चहा प्यायली आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी घरी लवकर आले. कणीक भिजवली, कढई चढवली. सेइतकाली अगांची माफी मागायची होती, त्यांच्या नावाने सात शेलपेक तळायचे होते. दुसऱ्या कुणाचंही नाव मी घेतलं नाही. खिडक्या घट्ट बंद होत्या. कुराणातल्या पाठ असलेल्या आयता म्हणत मी एकेक तळत गेले आणि सातवा बाहेर काढला तेवढ्यात फोन वाजला. तळावरचा नंबर.

येरसायिन चाऱ्याविषयी बोलला. एका घोडीला खोकला झालाय, म्हणाला. मी काय करतेय ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तो तिकडे सव्वादोनशे किलोमीटरवर होता.

"बरं, ठेवतो," तो म्हणाला. आणि मग, "आपा..."

"हं?"

"आज वास छान आला गं. किती दिवसांनी."

फोन बंद झाला. कढईतलं तेल अजून तापलेलंच होतं. सात झाले होते. मी आठवा लाटायला घेतला.