मागे वळून पाहायचं नाही

सुरतेत भागळच्या वळणावर सुनंदाने चौथ्यांदा वाकून चप्पल नीट केली. चप्पल धडधाकट होती. पण वाकलं की मागचं दिसतं.

मागे तोच होता. तपकिरी मफलर, हातात पिशवी. ती थांबली म्हणून तोही थांबला आणि बांगड्यांच्या दुकानात डोकावू लागला. पुरुषमाणूस, एकटा, आणि बांगड्यांचा भाव करतो! समोर जो पहिला जिना दिसला, त्यावर ती धावत चढली. भिंतीवर ऑगस्टच्या पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच होती. शेवटच्या पायरीवर तिला ठेच लागली, आणि वरच्या खोलीत बशीतून चहा पिणाऱ्या एका तरुणाच्या टेबलाला धरून ती कशीबशी उभी राहिली. चहा त्याच्या शर्टावर.

"बसा," तो शर्ट झटकत म्हणाला. "धावत आलेल्या माणसाला मी आधी पाणी देतो, मग नाव विचारतो."

"नाव सांगितलंच पाहिजे का… आणि हे कसलं ऑफिस आहे?"

"खाजगी तपासाचं. बाहेर पाटी आहे, पण तुम्ही ती वाचायच्या वेगात नव्हता."

इतकी घाबरली होती तरी तिला हसू आलं. तो प्रभाकर सोनार. पळालेले नवरे शोधायचे, गोदामातून माल कोण लांबवतो ते पाहायचं, लग्न जुळवताना स्थळाची खरी माहिती काढायची… ही त्याची कामं. सुनंदाने पाणी प्यायलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कतारगामच्या वाटेवरच्या मराठी शाळेत ती शिकवत होती. पाचला शाळा सुटली की नानपुऱ्यातल्या मामांच्या घरापर्यंत हा मफलरवाला पंधरा दिवस तिच्या मागे होता. बोलत नाही, हसत नाही, नुसता मागे.

"घरी सांगितलंत?"

तिने नकारार्थी मान हलवली. मुकुंदमामा बँकेत होते आणि अब्रूला फार जपत. तिला धुळ्याहून आणतानाच त्यांनी बजावलं होतं की नावाला जरा बट्टा लागला, तर नोकरी बंद आणि पहिल्या भुसावळ पॅसेंजरने परत. कोणी मागे लागलंय म्हटलं असतं, तर दोष मागे लागणाऱ्याचा थोडाच निघाला असता? आणि शाळा सुटली की सुनंदाचं सगळंच सुटलं असतं. तिचा जीव त्या चाळीस पोरांत होता.

प्रभाकरने युक्ती सांगितली. तिने रोजच्या वाटेनं, रोजच्या वेळी चालायचं. तो सायकलवरून मागे असेल. घंटी दोनदा वाजली की समजायचं, मी आहे.

"पण मागे वळून पाहायचं नाही. तुम्ही वळलात की तो सावध होईल."

"आणि माझं नाव…"

"तुम्ही स्वतः सांगेपर्यंत माझ्या तोंडून निघणार नाही. कोणीही विचारलं तरी."

दुसऱ्या दिवसापासून सुनंदाच्या पाठीवर दोघांचे डोळे आले. एकाच्या भीतीने मान ताठ होई, दुसऱ्याच्या आधाराने पाऊल पडे. यंत्रमागांची खटखट संपून चौकाकडे वळलं की पावलं वाजू लागत, ती चाल वाढवी… आणि मग मागून ट्रिंग-ट्रिंग. तिचा श्वास परत जागेवर येई. आरशापुढे ती जरा जास्त रेंगाळू लागली, हे मात्र तिने स्वतःपाशीही कबूल केलं नाही. पाठमोऱ्या वेणीत अबोली माळायची ती काय मफलरवाल्यासाठी?

गुरुवारी ती हकीकत ऐकायला त्याच्या माडीवर जाई. तो कागदाच्या पुडीत गरम पोंक आणून ठेवी. कोवळी ज्वारी, शेव आणि वर लिंबू.

"लोक तुम्हाला खरं कसं सांगतात हो?" तिने एकदा विचारलं.

"प्रश्न विचारला की माणूस दार लावून घेतो. म्हणून मी विचारतच नाही. त्याच्यासमोर चुकीचं काहीतरी बोलतो. दुसऱ्याची चूक सुधारायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, बाई."

"मला आवरतो."

"छे. मास्तरणींना तर मुळीच नाही."

"आवरतो म्हटलं ना!" ती म्हणाली, आणि त्याने हसून पोंकाची पुडी तिच्याकडे सरकवली. तिला कळायला क्षणभर लागला.

पुढच्या बुधवारी घंटी वाजलीच नाही.

चौक आला, गेला. पावलं आधी होती, मग तीही थांबली. आता मागे काय आहे, कोण आहे… वळायचं नाही, वळायचं नाही, असं पुटपुटत सुनंदा अक्षरशः धावत घरी पोचली. मफलरवाल्याने प्रभाकरला काही केलं तर नसेल? रात्रभर तिला आपल्यापेक्षा त्याचीच काळजी होती, आणि त्या गोष्टीचीही तिला भीती वाटली.

गुरुवारी तो धडधाकट बसला होता, वर खुशीत. पानाच्या गादीवर त्याने मफलरवाल्याला गाठलं होतं. ती बँकेतली मुलगी फार नखरेल दिसते, असं आपलं सहज म्हणाला. लगेच तो मफलरवाला आपल्या अहिराणीत उसळला, "नही भाऊ, बँकमा नही. शायमा मास्तरीण शे ती." मग काय, बांध फुटला. त्याचं नाव हिलाल. बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या एका केमिस्टचं स्थळ मामांनी सुनंदासाठी परस्पर पाहिलं होतं, आणि मुलाकडच्यांनी मुलीची चालचलणूक पाहायला या हिलालला नेमलं होतं.

"म्हणजे घाबरायचं काही नव्हतंच," प्रभाकर म्हणाला. "काम संपलं."

"आणि… घंटी?"

"आता कशाला?" तो बशीकडे पाहत म्हणाला.

त्या संध्याकाळी मागे कोणीच नव्हतं. इतकी मोकळी वाट तिला नको झाली.

आठ दिवसांनी बारडोलीचं पत्र आलं. स्थळाचा नकार होता, सोबत हिलालचा अहवाल. मामांनी तो मोठ्यांदा वाचला. मुलीच्या मागे एक सायकलवाला असतो, त्याची घंटी ऐकून ती चाल मंद करते, दर गुरुवारी भागळला त्याच्या माडीवर जाते. त्याने खुद्द अहवाल लिहिणाऱ्याला पानाच्या गादीवर गाठून मुलीचा विषय काढला, म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं दिसतं. तपास करणाऱ्याने तपास करणाऱ्यालाच मजनू ठरवलं होतं!

मामांनी माळ्यावरून सुनंदाची ट्रंक काढून बैठकीत आपटली. मग अहवालातल्या पत्त्यावर निरोप धाडून त्या सायकलवाल्याला रविवारी सकाळी बोलावून घेतलं.

तो आला. स्वयंपाकघराच्या दाराआड सुनंदा उभी होती.

"तू माझ्या भाचीच्या मागे का फिरत होतास?" मामांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"ती तुझ्या माडीवर कशाला येत होती?"

"तेही नाही."

मामांचा आवाज चढला. पोलिसांचं नाव निघालं. प्रभाकर मान खाली घालून बसून राहिला. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता, पण ते वाक्य सुनंदाचं होतं. तुम्ही स्वतः सांगेपर्यंत… तिला आठवलं. ती बाहेर आली.

"मामा, यांना मीच कामावर लावलं होतं."

तिने मफलरपासून पोंकापर्यंत सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले. शेवटी, हे मला का नाही सांगितलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला धुळ्याला पाठवलं असतंत."

ट्रंक मध्येच पडली होती. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते प्रभाकरकडे वळले.

"म्हणजे तुमचा संबंध कामापुरताच?"

प्रभाकरने तोंड उघडलं, मिटलं. आता हा हो म्हणणार, नमस्कार करणार आणि जिना उतरून जाणार. सुनंदाला मफलरवाल्याची वाटली नव्हती तेवढी भीती त्या क्षणी वाटली. ती पदराचं टोक मुठीत धरून म्हणाली, "कामापुरताच, मामा. यांच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. काम संपलं तसे हे मला विसरूनही गेले."

"चूक," प्रभाकर म्हणाला. "आठ दिवस मी पाचच्या ठोक्याला सायकल बाहेर काढतो… आणि परत जिन्याखाली ठेवतो."

मग तो थबकला. तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले.

दारातून प्रमिलामामींचं हसू ऐकू आलं. ती ट्रंक आधी उचला, चहा ठेवायला जागा नाही, असं त्या म्हणाल्या. मामांनी चष्मा पुसला आणि बारीक आवाजात सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. या मुलाची चौकशी व्हायची आहे, आणि ती चौकशी ते स्वतः करणार आहेत.

सोमवारी पाचला शाळा सुटली. मागांची खटखट संपली, चौक आला. मागून घंटी वाजली, दोनदा.

सुनंदा थांबली, आणि तिने मागे वळून पाहिलं.