एकीलाच घेऊन या

माघातल्या त्या सकाळी हिंगोलीच्या वाहन परवान्याच्या चाचणी मैदानावर चुन्याने आखलेला आठाचा आकडा दवाने ओला झाला होता. त्या आकड्यावरून दुचाकी चालवून दाखवण्याची वेळ भागवतवर आलीच नाही. साहेबांनी त्याचे कागद चाळले आणि गाडी कोणाची, एवढेच विचारले. वडिलांची, असे तो म्हणाला. वडील कुठे आहेत, या प्रश्नावर मात्र त्याने मान खाली घातली.

गाडी चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर होती आणि विमाही संपलेला होता. आधी ती वारसाच्या नावावर करून घ्या, विमा उतरवा, मग या, असे साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, होती ती रोजची सवय.

भागवत आखाडा बाळापूरच्या एका शाळेत लिपिक होता. लोकांच्या लेकरांची नावे आणि जन्मतारखा बिनचूक लिहिणे हेच त्याचे काम, आणि त्याच्या दाखल्यांवर कधी खाडाखोड दिसत नसे. आज त्याचाच कागद परत आला होता. तो ओशाळून बाजूला सरकला, तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली मुलगी पुढे झाली. अंगावर फिकट निळा ड्रेस, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद... आणि भुवयांवर कसलीशी बारीक पिवळी पूड.

साहेबांनी तिचे दोन कागद शेजारी शेजारी धरले. शिकाऊ परवान्यावर नाव होते सृष्टी. आधार कार्डावर कोमल.

"ही सृष्टी कोण, आणि तुम्ही कोण?"

"दोघीबी मीच, सायेब."

"मग एकीलाच घेऊन या."

रांगेतली माणसे हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. कागद आधीच्याच घड्यांवर दुमडून तिने पिशवीत ठेवले आणि कडुलिंबाखालच्या बाकावर, भागवतपासून हातभर अंतर राखून येऊन बसली. थोड्या वेळाने समोरच बघत तिने विचारले,

"भाऊ, पेन हाय का?"

त्याने पेन दिले. साहेबांनी कागद परत देताना सांगितलेला एक शब्द तिने तळहातावर लिहिला, राजपत्र, आणि आता त्या शब्दाचे काय करायचे हे न कळून त्याच्याकडे पाहिले. भागवतला परक्या माणसाशी दोन वाक्येही धड बोलता येत नसत. पण हा विषय त्याचा होता. नाव बदलल्याचे सरकारी राजपत्रात छापून आले की दोन्ही नावांची बाई एकच हे सिद्ध होते. त्यासाठी अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचे, हे त्याने तिला सावकाश समजावून सांगितले. एखाद्या मुलीशी इतका वेळ तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला, आणि बोलला तोही सरकारी अर्जाविषयी.

फाटकाबाहेर जलालुद्दीनचाचांची टपरी होती. जुना लॅपटॉप आणि वर मेणकापडाचे छप्पर, एवढ्या भांडवलावर ते पंचक्रोशीचे अर्ज भरून देत. नाव का बदलले, हा रकाना आला तेव्हा ती थोडी थांबली. मग तिने जे सांगितले, ते सगळे भागवतने ऐकले.

ती साखरा गावच्या संतरामची लेक कोमल. चार वर्षांपूर्वी ती परभणीकडे दिली गेली. सासरी नणंदेचे नावही कोमलच होते. एका घरात दोन कोमल कशाला, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले, आणि ते तिने वाचायच्या आत ताट उचलून नेलेही. नवऱ्याच्या हाताखाली तिने दीड वर्ष काढले. नंतरची दोन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेली. निकाल लागल्यावर तिने आधार कार्डावर माहेरचे नाव परत आणले. शिकाऊ परवाना मात्र त्याआधीच, जुन्या कार्डावर निघालेला होता.

"नवऱ्यापून सुटाया दोन वर्सं लागली," ती चाचांना म्हणाली. "ह्या नावापून सुटाया किती लागतील?"

"कागद की तकलीफ है बेटी," चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तकदीर की नई. कागद दुरुस्त होतंय."

तिला घाई होती, आणि घाईला कारण होते. साखऱ्याच्या बायकांच्या बचत गटाने डाळमिल घातली होती. बाजारात डाळ न्यायला छोटा टेम्पो घेतला होता. त्याचे चाक कोमलच्या हाती द्यायचे ठरले होते, पण पाडव्यापर्यंत परवाना मिळाला तर. नाहीतर अध्यक्षबाईंचा पुतण्या तयारच बसला होता. आणि घरात तिच्या भावाने, दिपकने, एका दोन लेकरांच्या बिजवराचे स्थळ आणून ठेवले होते. तिने घरच्यांकडून तेवढीच मुदत मागून घेतली होती — पाडव्यापर्यंत चाक हातात आले तर माझे मी बघीन, नाही आले तर तुम्ही म्हणाल तिथे मान खाली घालीन.

त्यानंतर शनिवार सुरू झाले. शनिवारी भागवतची शाळा सकाळची असे. दुपारच्या एसटीने तो हिंगोलीला येई. कोमल डाळीची पोती घेऊन बाजाराला आलेली असे. कधी प्रतिज्ञापत्रावर शिक्का राहिलेला असे, कधी निकालाची प्रत अस्पष्ट निघे, कधी फोटो परत येई. प्रत्येक त्रुटीवर कोमल उसासा टाकी. भागवतही टाकी, पण आतून त्याला त्या त्रुटींचे उपकारच वाटत... आणि मग स्वतःची लाज वाटे.

बोलणी थोडीच होत. एकदा तिने नाक किंचित वर करून हवा हुंगली.

"तुमच्या अंगाला हळदीचा वास येऊन राहिला. लगीन हाय का घरात?"

"गावात हळद शिजून राहिली," तो गडबडून म्हणाला. "घरात... कोणाचंच न्हाई."

"असं व्हय," ती म्हणाली, आणि पुढचा सबंध तास तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लपून राहिले. त्या दिवसापासून तिने त्याला भाऊ म्हणणे सोडले. त्याच्या जागी तिने दुसरे काहीच ठेवले नाही. हाक मारायच्या वेळी ती नुसती थांबे, आणि त्या थांबण्याला तो ओ देई.

एका शनिवारी तिने अचानक विचारले, की माझे सगळे चालले आहे, तुमचा अर्ज कुठे आहे. त्याने पिशवीतून काढून दाखवला. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते. एकच कोरा होता, गाडीच्या मूळ मालकाचा.

"हा काहून सोडला?"

शाळेच्या नोंदवहीत पोरांच्या वारलेल्या बापांच्या नावाआधी 'मयत' हा शब्द त्याने कितीतरी वेळा लिहिला होता, एकाही खाडाखोडीशिवाय. पण इथे...

"गाडी कोणाची इचारलं, की अण्णाची म्हणता येतं," तो म्हणाला. "कागदावर तरी ते हायेत अजून. मी लिहिलं की तिथूनबी जातील."

लिंबाची पिवळी पाने टपरीच्या छपरावर पडत होती. चाचांनी उगाच लॅपटॉपात डोके घातले. कोमल खूप वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिली.

"मला नको ते नाव सुटंना," ती हळूच म्हणाली, "आन् तुमाला हवं ते सोडवंना." मग तिने हात पुढे केला. "द्या इकडं. तुमी सांगा, मी लिहिते."

त्याने सांगितले. पहिल्याच शब्दाला तो अडला. तिने पेन टेकवून वाट पाहिली, घाई केली नाही. तिच्या गोल, संथ अक्षरात त्या रकान्यात उतरले — मयत विश्वंभर. खाली भागवतने सही केली. शाई वाळेपर्यंत ती कागदावर हलकेच फुंकर घालत होती, जशी लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी.

फाल्गुन लागला. एका गुरुवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, भागवतने शाळेच्या संगणकावर राजपत्र उघडले, आणि बारीक अक्षरांच्या गर्दीत त्याला ते दिसले. जुने नाव, नवे नाव. त्याने पान छापून घेतले. तिला फोन करायला मोबाईल काढला, तिच्या नावापर्यंत गेलाही... आणि परत खिशात ठेवला.

हे एक पान तिच्या हातात पडले, की शनिवार संपणार होते. साखऱ्याची पोर हिंगोलीला येईल, डाळ विकून परत जाईल. बाळापूरच्या लिपिकाला तिथे काय काम? शुक्रवारी ते पान त्याच्या खिशातच राहिले, अंगावरच्या ओल्या डागासारखे त्याला सारखे जाणवत. शनिवारी त्याने ते तिला दिले तेव्हा तिने नुसते विचारले, हे कधी आले. तो 'आत्ताच' म्हणाला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पान घडी करून ठेवले.

चाचांनी लगेच चाचणीची तारीख शोधली. शुक्रवारपर्यंत पाडव्याच्या आठवडाभर आधीची एक जागा मोकळी होती. ती गेली होती. आता मिळत होती ती थेट पाडव्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे एकदा चूक झाली, तर दुसरी संधी नाही. कोमलने ती तारीख तळहातावर लिहून घेतली. भागवतला त्या दिवशी परतीच्या एसटीत बसायला जागा होती, तरी तो बाळापूरपर्यंत उभाच राहिला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दोघे पुन्हा त्याच मैदानावर आले. ती मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीतून. तो अण्णांच्या गाडीवर, जी आता कागदोपत्री त्याची होती. साहेबांनी तिचे कागद एकमेकांशेजारी धरले, राजपत्राचे पान वाचले, आणि मान हलवली.

"आज एकच आलात तर."

"व्हय सायेब. एकच हाय आता."

भागवत रांगेत उभा राहून पाहत होता. गाडी चढावर थांबली, तसूभरही मागे न घसरता पुन्हा निघाली. दोन खांबांमधून मागे आली, कुठेही न घासता. दोन दिवस खिशात ठेवलेल्या त्या पानाचे ओझे त्याच्या छातीवरून एकेक वळणागणिक उतरत होते. गाडी थांबली. साहेबांनी कागदावर खूण केली. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवले आणि तशीच क्षणभर बसून राहिली.

मग त्याचे नाव पुकारले गेले. ज्या गाडीवर तो आठ वर्षे फिरत होता, तिच्यावर तो आकडा काढणे म्हणजे डाव्या हातचा मळ. पहिले वळण त्याने अलगद घेतले. दुसऱ्या वळणावर त्याला दिसले — शिकवणाऱ्यांची गाडी फाटकाकडे वळत होती, आणि पुढच्या काचेआड तिच्या ड्रेसचा निळा रंग होता...

त्याचा पाय जमिनीला टेकला. पाय टेकला की नापास.

"कागद सगळे बरोबर आहेत तुमचे," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "पुढच्या वेळी गाडीही आणा."

तो गाडी ढकलत लिंबापाशी आला, तेव्हा कोमल बाकावर बसलेली होती. गाडी फाटकाबाहेर लावून ती परत आली होती.

"पाय काहून टेकला?"

"तुमी चाललात असं वाटलं."

तो उभाच होता. आता सांगितले नाही तर आयुष्यभर हे पान खिशातच राहील, हे त्याला कळत होते.

"राजपत्र गुरुवारीच आलं व्हतं," तो म्हणाला. "मी दोन दिस ठेवून घेतलं. तुमची तारीख माझ्यामुळं गेली. आज काही कमी-जास्त झालं असतं, तर..."

"म्हाईत हाय मला. चाचांनी शुक्रवारी सकाळीच फोन केला व्हता."

त्याने मान वर केली.

"मग तारीख काहून घेतली न्हाई?"

"तुमी सांगसाल म्हणून वाट बघत बसले," ती म्हणाली. "दिसभर. लई राग आला तुमचा. नंतर सोताचा आला. तिळाएवढा धीर न्हाई ह्या माणसात, आन् मी ह्याच्या फोनसाठी पाडवा घालवून राहिले..." ती थांबली, बोटाने भुवईवरची डाळीची पिवळी पूड पुसायला गेली, ती आणखीच पसरली. "तारीख तुमी एकट्यानं न्हाई घालवली."

फाटकाबाहेर चाचा कोणाला तरी फोटोवरची सही आडवी करायला सांगत होते. लिंबाला आता नवी, तांबूस पालवी फुटली होती, आणि तिच्यातून झिरपलेले ऊन बाकावर त्या दोघांमधल्या हातभर जागेत हलत होते. भागवत त्या जागेकडे पाहत हळूच बसला. अंतर हातभर राहिले नाही.

मग तिने विचारले. समोर बघतच, पहिल्या दिवशी पेन मागितले होते तशी.

"तुमच्या घरात कोमल नावाचं कोणी हाय का?"

त्याला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा कान तापले. आणि लिपिकाच्या सवयीने त्याने खरोखरच सगळी नावे मनात मोजून पाहिली, एकही सुटू नये म्हणून.

"मायचं नाव रुख्मिणीबाई," तो म्हणाला. "थोरली बहीण द्वारका, ती कळमनुरीला दिलेली... कोमल कोणीच न्हाई. पहिल्यापून न्हाई."

"बराबर बघितलं ना?"

"बराबर बघितलं."

"मग ताटात काही लिहाया लागायचं न्हाई," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिले.