कोरडे दात

"माझे दात बदलले हो!" दारातूनच संशोधिका म्हणाली.

भावोजींनी चटकन स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

"प्रयोगाचे," ती खुर्चीत कोसळली. "दवाखान्यातून आणलेले, चहात बुडवून मुद्दाम पिवळे केलेले. ओल्या कापसावर ठेवतो. डाव्या डबीतल्यांना दात उजळणारं जेल लावलं, उजव्या डबीतल्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. आज बघते तर दोन्हीकडचे पांढरेफटक! कंपनीचे मालक म्हणतात, मी दोन्हीकडे औषधच फासलं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर नोकरी गेली."

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, स्वतःला त्यांचा उजवा हात समजत.

"माझेही उजळलेत," भावोजी म्हणाले. "नव्या पेस्टची कमाल! सकाळी उठल्याउठल्या पुढचे दात मोत्यांसारखे. न्याहारीपर्यंत तसे राहत नाहीत, एवढंच."

"तोंड उघडं टाकून घोरता ते आधी थांबवा," वहिनी म्हणाल्या आणि एकदम उठून चपला शोधू लागल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी डबीतला कापूस चिमटीत धरला. तो कुरकुरला. वहिनींनी दोन्ही डब्यांत पाणी ओतलं.

"धुताय कशाला?" मालक ओरडले.

"तहानले असतील. आता सांगा, या डब्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"हिच्याकडे. आणि माझ्याकडे. पण माझंच जेल मी कशाला खोटं पाडीन?"

ते खरंच होतं. वहिनी मालकांच्या मेहुण्याकडे वळल्या. कंपनीच्या जाहिराती तोच करायचा.

"काल दाजींकडून किल्ली घेऊन फोटो काढले," तो म्हणाला. "ओले दात चकाकतात, फोटो बिघडतो. म्हणून टिपले, डब्या उघड्याच दिव्याखाली ठेवल्या. दिवा बंद करायचा राहिला. पण औषधाला हात लावला नाही, शपथ!"

"भोळा चेहरा," भावोजी कुजबुजले. "हाच चोर."

"चोर कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"दाताच्या कवचात न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांत पाणी असेल तर उजेड आत शिरतो आणि आतला रंग दाखवतो. पाणी उडालं की हवा भरते, उजेड वरूनच परततो. दात पांढरा दिसतो. दिव्याने डबीतले सुकवले, घोरण्याने भावोजींचे. बघा."

सगळे वाकले. उजव्या डबीत चहाचा रंग परतला होता, सगळ्या दातांवर. कुणाच्या तोंडातून कधी निखळलेले, तरी अजून पाणी पीत होते.

संशोधिकेने डावीकडचा एक दात रंगपट्टीशी धरला. तोही पुन्हा पिवळा पडला होता, पण पूर्ण नाही. एक छटा उजळच राहिला होता.

"औषध खरं आहे," ती हळूच म्हणाली. "थोडंसं. पण खरं."

"तेवढंच लिहा," मालक म्हणाले. "उद्या वेळेवर या."

भावोजी आ वासून दातांकडे बघत होते. वहिनींनी त्यांच्याकडे नजर टाकली.

भावोजींनी अलगद तोंड मिटलं.