तीनशे जीबीची रिकामी फाइल

आगीची घंटा वाजली तेव्हा मी आधीच पेटलेली होते.

आग खरी नव्हती. दर तीन महिन्यांनी होणारी कवायत होती, आणि रुग्णालयाच्या कार्यालयातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम! नोव्हेंबरातली दुपार, सरोवरावरून सुटलेला बोचरा वारा, अर्धा पाऊस आणि अर्धा बर्फ... आणि आम्ही दोनशे माणसं मागच्या पार्किंगमध्ये रांगेत उभी. माझा कोट आतच राहिला होता.

तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. पाहते तर कुणीतरी छत्री धरली होती. उंच माणूस, तपकिरी दाढी, पापण्यांवर बर्फाचे कण.

"गाल लालबुंद झालेत तुमचे," तो म्हणाला. "थंडी फार आहे."

"थंडीने नाही. संतापाने."

"अरे बापरे! कुणावर?"

बस्स, एवढं विचारायचाच अवकाश होता.

"चौथ्या मजल्यावर एक नवा प्राणी आलाय," मी सुरू झाले. "ई. क्लूटिए. तीन आठवडे झाले नाहीत, आणि माझ्या डिस्कवर एकोणीस स्नॅपशॉट टाकून बसलाय! एकोणीस! स्नॅपशॉट म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या रुग्णालयाचे शंभरेक सर्व्हर आहेत, पण ते हाताला लागत नाहीत. पाच मोठ्या यंत्रांच्या पोटात ते आभासी रूपात राहतात, आणि त्या सगळ्यांचं सामान ज्या डिस्कवर असतं ती डिस्क मी सांभाळते. कुणाला किती जागा द्यायची, ती कधी भरेल, पुढच्या वर्षी किती लागेल, हे सगळं माझ्या डोक्यावर. सर्व्हरमध्ये काही बदल करण्याआधी त्याची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवतात, तो स्नॅपशॉट. बदल नीट झाला की दोन दिवसांत तो पुसायचा असतो. विसरलात तर तो रोज फुगतो आणि गपागप जागा खातो.

"माझ्याकडे एकूण ऐंशी टीबी," मी हात नाचवत म्हणाले, "आणि त्यातले सहा त्या एकट्याचे!"

पुढे उभ्या असलेल्या टपाल विभागातल्या म्हाताऱ्या बाईंनी नाकावर मफलर ओढला आणि त्या चार पावलं लांब सरकल्या. रुग्णालयात टेराबाइटला 'टीबी' म्हणताना जपावं, हे मी दर वेळी विसरते.

छत्रीवाला मात्र गंभीर होता. "असल्या माणसाला फाडून खायला हवं," तो म्हणाला.

"खाणारच आहे. सापडू तर द्या!"

"चौथा मजला, खिडकीजवळचं टेबल." त्याने छत्री आणखी माझ्याकडे कलती केली. त्याचा स्वतःचा खांदा भिजत होता. "मी एमेट क्लूटिए. खाण्याआधी... कॉफी घेणार?"

मी तडक छत्रीबाहेर आले. बर्फ मानेत शिरला तरी हरकत नव्हती.

"तू!" मी म्हणाले. ओळख होऊन अर्धं मिनिट झालं नव्हतं आणि मी 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरले होते. "लाज नाही वाटत? निमूट ऐकून घेत होतास!"

"अडवायचं कुणाला सुचेल? इतकं सुंदर कुणी चिडतं का—"

"एकोणीस!" मी ओरडले. "सगळे पुसायचे!"

दुसऱ्या दिवशी बरोबर तीन वाजता तो तळमजल्यावर माझ्या खोलीत आला. हातात कॉफीचे दोन पेले आणि एक डबा. डब्यात लिंबाच्या गोड वड्या, त्याच्या आईने केलेल्या.

"आज एक पुसला," तो म्हणाला. "अठरा राहिले."

"सगळे एकदम पुसता येतात. त्याला बटण असतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग उद्या कोणत्या तोंडाने येऊ?"

या उद्धटपणाला काय म्हणावं! मी त्याला दारातून परत पाठवलं. डबा तेवढा ठेवून घेतला, वड्यांचा काय दोष?

तो रोज येऊ लागला. एक दिवस, एक स्नॅपशॉट. मी रोज रागावायची आणि अडीच वाजल्यापासून घड्याळाकडे बघायची. त्या बघण्याचाही मला राग यायचा. तो दूर मैदानातल्या फार्गोहून आला होता, बोटींचे भोंगे ऐकले की बोलता बोलता थांबायचा. माझे वडील जन्मभर लोहखनिजाच्या बोटींवर होते म्हटल्यावर तर त्याने प्रश्नांचा नुसता भडिमार केला. हेल्मी हे नाव फिनलंडचं ना, अर्थ काय, कुणी ठेवलं? "मोती," मी सांगितलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी घाईने पंख्यांच्या आवाजाबद्दल तक्रार सुरू केली.

माझ्या खऱ्या रागाचा धनी मात्र वेगळाच होता. वेन्डेल प्रूइट, आमचे संचालक. दोन वर्षं मी नव्या डिस्क मागत होते, आणि दोनदा त्यांनी माझा अर्ज हसत परत केला होता.

"अगं हेल्मी, दिलेली सगळी जागा कुणी वापरतं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्या धंद्यात ही रीत आहे, नाही असं नाही. सर्व्हरला सांगायचं की तुला दहा टीबी दिले, आणि प्रत्यक्षात तो भरेल तेवढेच द्यायचे. हात राखून केलं तर चालतं. पण वेन्डेलनी ऐंशी हातात असताना एकशे नव्वद वाटले होते! जो विभाग येईल त्याला "घे दहा". बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. सगळे एकदम जेवायला बसले तर वाढणार कोण? तर म्हणे हेल्मी. वर त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, साठवण एकदा जरी बंद पडली तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. म्हणजे माझी नऊ वर्षं दाराबाहेर.

म्हणून मी एक गोष्ट करून ठेवली होती. रिकामी बोट सरोवरात नेताना तिच्या पोटात पाणी भरतात, आणि वेळ आली की ते सोडून देतात. हे वडिलांनी मला लहानपणी धक्क्यावर उभं करून दाखवलं होतं. तसंच मी डिस्कवर तीनशे जीबीची एक फाइल ठेवली होती. आत काही नाही, नुसती शून्यं. डिस्क गच्च भरलीच तर ती फाइल पुसायची, की श्वास घ्यायला जागा होते. वेन्डेलना कळलं असतं तर त्यांनी तीही कुणाला तरी वाटली असती. म्हणून मी तिला कुणी ढुंकून बघणार नाही असं नाव दिलं होतं, 'टेस्ट-टू-ओल्ड'.

डिसेंबरात एकोणिसावा स्नॅपशॉट पुसला गेला. दुसऱ्या दिवशी तीन वाजायला वीस मिनिटं असतानाच एमेट आला, चेहरा नुसता फुललेला.

"आता बक्षीस पाहिजे," तो म्हणाला. "स्नॅपशॉट संपले, मग म्हटलं आणखी काही कचरा सापडतो का बघू... नाहीतर यायचं कसं? आणि सापडला! तीनशे जीबीची फाइल, आत नुसती शून्यं. टेस्ट-टू-ओल्ड. कुठल्या गाढवाने ठेवली होती कोण जाणे—"

"पुसलीस?"

"पुसली."

"ते गाढव मी आहे."

त्याने कॉफीचे पेले टेबलावर ठेवले.

"न विचारता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी फेकतोस? ती माझी शेवटची जागा होती, एमेट!"

"पण हेल्मी... तिचं नाव..." तो हळूच म्हणाला. "तसल्या नावाची फाइल तूसुद्धा पुसली असतीस."

ते खरं होतं. म्हणूनच मी जास्त भडकले. नवी फाइल करायला मी पडद्याकडे वळले, आणि माझा हात तिथेच थांबला. आलेख अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होता. सकाळी तर सहा टीबी मोकळे होते! मग सकाळी आलेला ई-मेल वाचला. वेन्डेलना आलेखावर मोकळी जागा दिसली, आणि त्यांनी ती सकाळीच क्ष-किरण विभागाला देऊन टाकली. तिथल्या लोकांनी वीस वर्षांच्या जुन्या फिल्म्स एका दमात ओतायला घेतल्या होत्या.

मी फोन लावला. कुणी उचलेना. नव्व्याण्णव. मग शंभर.

एकतीस सर्व्हर जागच्या जागी गोठले. प्रयोगशाळेचे अहवाल बंद, औषधांच्या याद्या बंद. क्ष-किरणचा सर्व्हरही गोठला, त्यामुळे ज्यांनी भरलं त्यांनाही आता पुसता येईना. वर परिचारिका कागद घेऊन धावत असणार. माझ्या हातात सोडायला पाणी नव्हतं.

"सरक," एमेट म्हणाला. त्याने माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "माझे चाचणीसाठीचे सर्व्हर किती जागा घेतात?"

"तीनशे चाळीस. पण ते तुझं... रुग्णांच्या नव्या नोंदणी-प्रणालीची सगळी तयारी..."

"सात आठवड्यांचं काम."

"दुसरी प्रत आहे ना?"

"दुसऱ्या प्रतीला तूच जागा दिली नाहीस," तो म्हणाला, आणि क्षणभरही न थांबता त्याने बटण दाबलं.

आलेख जरासा खाली आला. एकेका गोठलेल्या सर्व्हरपुढे 'पुन्हा प्रयत्न करू?' असं विचारलेलं होतं. आम्ही दोघांनी एकतीसच्या एकतीसना हो म्हटलं. यादीच्या वरून तो, खालून मी. सोळाव्यावर आमचे हात एकमेकांना लागले. एकूण अकरा मिनिटं गेली होती.

बाराव्या मिनिटाला वेन्डेल दारात. त्यांच्या मागे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर ओडेगार्ड, हातात हाताने लिहिलेल्या अहवालांचा गठ्ठा.

"अकरा मिनिटं, हेल्मी," वेन्डेल म्हणाले. "मी बजावलं होतं. तुझं नियोजनच..."

"चूक माझी आहे," एमेट उभा राहिला. "तिने अशा वेळेसाठी जागा राखून ठेवली होती. मी ती न विचारता पुसली."

त्या फाइलबद्दल जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. आणि माझा राग, जो आठवडे न् आठवडे त्याच्यावर होता, तो तिथल्या तिथे त्याच्या बाजूने झाला.

"गप्प बस, एमेट!" मी म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी इथे होणार नाही." मी दोन वर्षांच्या वाटपाचा कागद खणातून काढून वेन्डेलच्या पुढ्यात धरला. "आहेत ऐंशी. वाटलेत एकशे नव्वद, ही प्रत्येकापुढे तुमची सही. आज सकाळचे सहा कुणाला विचारून दिलेत? अंथरूण माझं आणि पाय तुम्ही पसरणार! वर नियोजन माझं चुकलं?"

डॉक्टर ओडेगार्ड कागदावर वाकल्या, चष्मा वर केला.

"वेन्डेल," त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही दहा दिले होतेस. ते खरे आहेत... की तसलेच?"

शुक्रवारी माझा अर्ज मंजूर झाला. बाहेरच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही.

नव्या डिस्क जानेवारीत बसल्या. बाहेर बंदर गोठलं होतं, बोटींचे भोंगे वसंतापर्यंत बंद. तीन वाजता एमेट आला. कॉफी होती, डबा होता, निमित्त मात्र काहीच नव्हतं. तो दारातच घुटमळला.

"मी एक फाइल केलीय," तो म्हणाला. "परवानगी न घेता. रागावणार?"

"अर्थात."

मी शोधली. तीनशे जीबी. नाव होतं, 'हेल्मीची-जागा-हात-लावू-नये'.

"एवढं लांबलचक नाव देतात का?" मी कडाडले. पण आवाज मधेच कुठेतरी मऊ पडला...

"मग टेस्ट-टू-ओल्ड ठेवू?"

"खबरदार!"

"तपासून बघ," तो जवळ येत म्हणाला. "नुसती कागदावरची नाही. पूर्ण जागा आधीच बाजूला काढलीय, तू वापर किंवा नको वापरू. हेल्मी... मी हे फाइलबद्दल बोलत नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणाले. तरी मी तपासलीच. तीनशेच्या तीनशे खरे होते. मान वर करायला मला जरा वेळ लागला.

"रविवारी माझ्याकडे जेवायला येशील?" त्याने विचारलं.

"बोलाचाच भात असेल तर नाही."

"भात नाहीच. मासे आहेत."

मी हसले. त्याच्यासमोर पहिल्यांदाच, आणि मग त्याचाही राग आला, की इतके दिवस का नाही.

याला आता सहा वर्षं झाली. डिस्क दोनदा बदलल्या, वेन्डेल निवृत्त झाले, आणि घरी कपाटातल्या जागेवरून आमची रोज भांडणं होतात. त्याचे स्वेटर अजून रोज फुगतात! ती फाइल मात्र जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर दर वेळी सगळ्यात आधी नेली जाते. आत अजूनही नुसती शून्यं आहेत. तिला कुणी हात लावलेला नाही.