कंदिलापर्यंत

बुधवारी दुपारी आम्रपाली वारज्याच्या फ्लॅटवर आली ती राकेशचा चष्मा आणि दोन सुती सदरे न्यायला. काम एवढंच होतं. आदल्या संध्याकाळी तिचा हा धाकटा भाऊ दही आणायला म्हणून खाली उतरला आणि बायपासजवळ एका टेम्पोनं त्याला उडवलं. तेव्हापासून तो हॉस्पिटलात बेशुद्ध होता. वडील, रतनअण्णा, आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावरून हलायला तयार नव्हते.

दार उघडलं तसा कोंदट, गरम वास आला. तापलेल्या मशीनचा. राकेशचा कॉम्प्युटर चालूच होता. दोन मिनिटांत परत यायचं म्हटल्यावर माणूस बंद कशाला करेल?

पडद्यावर 'कंदील' होता. खेळाचं खरं नाव लांबलचक इंग्रजी, पण घरात त्याला कंदीलच म्हणायचे, कारण त्याचा प्रत्येक भाग एका डोंगराळ गावातल्या वेशीवरच्या कंदिलापाशी सुरू व्हायचा. पहिला भाग राकेशनं शाळेत असताना कसबा पेठेतल्या एका मित्राकडून आणला होता. बहीण-भाऊ आळीपाळीनं खेळायचे. मग दर दोन-तीन वर्षांनी नवा भाग यायचा. राकेश कॉलेजात गेला, हिंजवडीत नोकरीला लागला, पण नवा भाग आला की सुट्टी टाकायचा. त्यात तलवारी होत्या, राक्षस होते. पण त्याला ओढ होती ती माणसांची. जुना लोहार आता म्हातारा झालेला असायचा, त्याची मुलगी भाता ओढत असायची. आणि आपला योद्धा तोच, मागच्या भागातल्या जखमांसकट. "गावी गेल्यासारखं वाटतं गं ताई," तो म्हणायचा. "आपल्याला कुठंय असं गाव?"

तो योद्धा आता रानात पाठमोरा उभा होता. सभोवार धुकं. आम्रपालीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कपाटाकडे वळली.

सदरे पिशवीत भरताना तिला पावलं ऐकू आली. खडीवर बूट वाजावेत तशी. सावकाश.

तिनं मागं पाहिलं. कळफलकाला कुणाचा हात नव्हता, आणि योद्धा चालत होता. झाडं मागं पडत होती. दूर पाण्याचा आवाज येत होता. ती नदी तिला आठवत होती. खेळात जे साथीदार मरत, ते पुढच्या भागांत कधी परत येत नसत. फक्त नदीवरच्या पुलापाशी उभं राहिलं की पलीकडच्या काठावर त्यांच्या आकृत्या दिसत.

तेवढ्यात मोबाईल वाजला. अण्णा होते.

"आमू, बीपी खाली चाललंय म्हणतात..."

"येते मी, लगेच."

फोन ठेवला, पण तिचा पाय निघेना. तिनं खुर्ची ओढली, बाणाची कळ दाबली आणि योद्ध्याला मागं फिरवलं. तो अडखळला. जड पावलांनी झाडांकडे परत चालू लागला. पुन्हा फोन आला. "थांबलंय," अण्णा म्हणाले. "स्थिर आहे आता. तू जेवून ये सावकाश."

त्यांच्या घरात भूतखेत कुणी मानलं नव्हतं. बुद्धवंदना व्हायची, अंगारे-धुपारे, दृष्ट, करणी यांना उंबरठ्याबाहेर ठेवूनच अण्णांनी मुलं वाढवली होती. आम्रपाली स्वतः कॉलेजात गणित शिकवायची. योगायोग म्हणजे काय, हे ती दरवर्षी मुलांना फळ्यावर समजावून सांगायची. तरी ती खुर्चीतून उठली नाही. बोटं कळेवरून निघाली की योद्धा उभा राही. थोडा वेळ, आणि मग आपसूक नदीकडे वळे. अण्णांना तिनं काय सांगितलं, ते तिला नंतर आठवेना. रात्र तिनं तशीच काढली. गाव काही केल्या जवळ येत नव्हतं.

उजाडलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं... आज गुरुवार. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. खेळ आहे तिथंच राखून ठेवायची सोय फक्त त्या कंदिलापाशी होती.

पंखा थांबला तेव्हा सकाळचं कोवळं ऊन खोलीत आलं होतं. टेबलाखालचा यूपीएस टिट् टिट् करू लागला. आणि त्याच क्षणी कळा निकामी झाल्या. योद्धा वळला, धावत सुटला, पुलावर चढला.

पलीकडच्या काठावर एकच आकृती होती. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, पाठमोरी.

"राकेश..." आम्रपाली पडद्याला म्हणाली. "राक्या, मागं फिर. नको रे..."

यूपीएस आता भराभर ओरडत होता. हाताला येईल ती कळ ती दाबत सुटली. त्यातली एक साथीदारांना हाक मारायची होती. शिंग वाजलं, लांबवर घुमलं. पुलाच्या मध्यावर योद्धा थांबला. बाणाच्या कळा पुन्हा चालू लागल्या.

पलीकडची बाईही हळूहळू इकडे वळली.

चेहरा दिसायच्या आत आम्रपालीनं योद्ध्याला माघारी पळवलं. रान, खडी, चढ. आता मात्र गाव आलं. पावलं दोघांची वाजत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पाहायची कळ होती तरी दाबली नाही. कंदिलाखाली पोचून खेळ राखला, आणि पडदा काळा झाला.

अण्णांचा फोन आला तेव्हा ते रडत होते. "डोळे उघडले गं त्यानं! तुझं नाव घेतलं..."

पुढं राकेश झपाट्यानं सुधारला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. घरी आणलं त्या संध्याकाळी तो आम्रपालीच्या खांद्याला धरून जिना चढला. अण्णा बॅग घेऊन मागून येत होते. राकेश आत आला, पण दार धरून उभा राहिला.

"ये ना, बस. दमला असशील."

"थांब ताई. ती येतेय."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. "कोण...? आई?"

"नाही." त्यानं शांतपणे तिच्याकडे पाहिलं. "आईला मी ओळखलं नसतं का? मला वाटलं, तुझ्या ओळखीची असेल. हाक तू मारलीस."

दारासमोरच्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. राकेश जरा बाजूला सरकला, जणू वाट देतोय, आणि आत जाऊन बसला.

मग अण्णा वर आले. बॅग खाली ठेवून त्यांनी हॉलमध्ये नजर फिरवली, स्वयंपाकघरात डोकावले.

"त्या बाई कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. "माझ्या पुढंच चढत होत्या. मी म्हटलं, एवढ्या भिजल्या कुठं..."