उपकारांची क्षमा

"उपकारांची नव्हे, ताई! अपराधांची... अपराधांची क्षमा कर!"

भाऊ मधेच बोलला, तसे प्रार्थनेसाठी मिटलेले सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. नुकत्याच पाळक झालेल्या या धाकट्या भावाच्या पहिल्या उपदेशानंतरचं ते जेवण. टेबलाशी चर्चचे ज्येष्ठ पाळक, मंडळीतले चार मानकरी, आणि प्रार्थनेचा मान ताईला. ती आपली आईने शिकवलेलीच प्रार्थना म्हणत होती, 'प्रभो, या अन्नाबद्दल तुझे आभार, आणि आमच्या उपकारांची क्षमा कर.' आई निरक्षर. कानांनी ऐकलेला 'अपराध' तिच्या जिभेवर 'उपकार' झाला, तो कायमचाच! कुणीतरी खुदकन हसलं. ताईने 'आमेन' म्हटलं आणि मुकाट्याने वाढायला घेतलं, पण तिचं काळीज चिरलं गेलं होतं...

पाहुण्यांची पाठ वळताच भाऊ उसळला. "पाळकाच्याच घरात प्रार्थना चुकीची? लोक काय म्हणतील मला?"

"त्याच चुकीच्या प्रार्थनेवर लहानाचा मोठा झालास तू!" ताईचा तोल सुटला. "आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होतास. इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्म काढला मी, वाफेने हात सोलवटले. मागणी घालायला आलेल्या घड्याळजीला उंबऱ्यावरून परत पाठवलं... कुणासाठी रे?"

त्याचा चेहरा पडला. "हेच! तुझ्या उपकारांच्या ओझ्याने मला मान वर करता येत नाही, ताई!" त्याच संध्याकाळी तो बोचकं उचलून चर्चच्या आवारातल्या खोलीत राहायला गेला.

ताई मोडेन पण वाकणार नाही अशा बाण्याची. धोबीखान्यात बायकांनी चौकशी केली तर म्हणाली, "पाळक झालाय तो, माझ्या पदराला धरून बसेल होय?" मात्र बुधवारी एकटीच जेवायला बसली, सवयीने हात जोडले, आणि 'उपकारांची' म्हणताना तिची जीभ अडखळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो शब्द ऐकला! खरंच की... अपराधाची क्षमा सगळेच मागतात. पण केलेले उपकार बोलून दाखवले, घेणाऱ्याला त्यांच्या भाराखाली वाकवलं, त्याची क्षमा कोण मागतो? आई चुकली होती की नव्हती, देव जाणे! ताईला हुंदका आवरेना. ताटातलं अन्न निवून गेलं.

शनिवारी तिने धुवायला घरीच राहिलेला त्याचा पांढरा झगा नेहमीच्याच निगुतीने खळ घालून कडक इस्त्री केला. भांडण भांडणाच्या जागी, झगा झग्याच्या जागी! रविवारी तो हातांवर आडवा घेऊन ती चर्चमागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाळा, चुकले मी. प्रेमाने केलं होतं रे, ते तोंडाने बोलून दाखवायला नको होतं. मला क्षमा कर."

तो दोन पावलं पुढे आला. "ताई, मी..." तेवढ्यात घंटा झाली. तिने झगा त्याच्या खांद्यावर चढवला, कॉलर सरळ केली आणि आपल्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पापकबुलीची वेळ आली. भरल्या मंडळीसमोर त्याने डोळे मिटले. "प्रभो, आमच्या अपराधांची क्षमा कर..." तो थांबला. इतका वेळ थांबला की लोक चुळबुळू लागले. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा त्याचा आवाज आला, "...आणि आमच्या उपकारांची क्षमा कर!"

"आमेन!" ताई सगळ्यांच्या आधी म्हणाली, एकटीच, खणखणीत. आसवं ओघळत होती, तिने ती पुसलीसुद्धा नाहीत.

उपासना संपल्यावर ज्येष्ठ पाळकांनी तिला दारात गाठलं. "बाई, तुमचे बंधू आज शब्द चुकले वाटतं?"

ताईने पदर सावरला, मान ताठ केली.

"चुकेल कसा? आमच्या घरी असंच म्हणतात!"