सोडलेली जागा

आमच्या इमारतीत कुणी घरी नसलं की त्याचं पार्सल तळमजल्यावरच्या फ्राऊ विशार्ट घेतात. ब्राउनश्वाइगला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत आमची निदान दोनशे पार्सलं त्यांच्या दारातून वर आली असतील. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शनिवारी मी सासूबाईंना म्हणालो, "आई, खालच्या आजींकडून तेवढा खोका आणाल का? आडनाव सांगितलं की देतील," तेव्हा त्यात वेगळं काही नव्हतं.

आई दीड तासाने वर आल्या. खोका खालीच राहिला होता.

"त्या बाईंकडे दप्तर आहे, श्रीरंगराव," त्या म्हणाल्या. चेहरा असा खुलला होता, जणू गावाकडचं कुणी भेटलं.

आईंविषयी थोडं सांगायला हवं. साताऱ्याला एका अभिलेख कक्षात त्यांनी एकतीस वर्षं मोडी वाचली. जमिनींचे, वतनांचे, वारसांचे कागद. वाळवीने निम्मी ओळ खाल्लेली असली तरी उरलेल्या निम्म्यावरून त्या लिहिणाऱ्याचा हात ओळखत, आणि वकीलमंडळी त्यांचा शब्द शेवटचा मानत. वय एकाहत्तर. मैथिली त्यांची एकुलती मुलगी, म्हणून तीन महिन्यांसाठी त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करतो. धातूचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते मायक्रोनमध्ये सांगणं, हा माझा धंदा. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पुढचं आहे ते घडलं तसं लिहितो आहे.

फ्राऊ डोरोथेआ विशार्ट चौऱ्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त फार्मासिस्ट. विशार्ट हे नाव जर्मन नव्हे. त्यांचे पूर्वज स्कॉटलंडच्या फाईफ भागातले तागाचे विणकर. त्यातला एक दोनशे वर्षांपूर्वी इकडे आला आणि इकडचाच झाला. तिथल्या प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे गाव-दोन गावांच्या, चर्चमध्ये एक कारकून असे. गावातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तो वहीत लिहून ठेवी. त्या वह्यांची छायाचित्रं आता इंटरनेटवर मिळतात. फ्राऊ विशार्ट वीस वर्षं ती मिळवून, छापून, पिढीवार करड्या फायलींत लावत होत्या. अडचण एकच होती. अक्षर लागत नव्हतं.

आईंचं इंग्रजी शाळेपुरतं. तरी सोमवारपासून त्या रोज सकाळी दहाला चष्मा आणि शंभर पानी वही घेऊन खाली जाऊ लागल्या.

"आधी लिहिणारा ओळखायचा, मग लिहिलेलं," त्या मला म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांनी चार कारकून वेगळे काढले आणि त्यांना नावंही दिली: घाईचा, सुबक, म्हातारा आणि डावरा. प्रत्येकाची अक्षरं वहीत उतरवली. ज्या एका ओळीवर फ्राऊ विशार्ट नऊ वर्षं अडल्या होत्या, ती आईंनी चहा निवायच्या आत सोडवली. जेम्स विशार्ट, विणकर, आणि त्याच्या गावाचं नाव.

"फाबेलहाफ्ट, कमाल आहे," फ्राऊ विशार्ट मला जिन्यात थांबवून म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंना, फ्राऊ कुंडाला सांगा, माझ्या प्राध्यापक पुतण्याला हे जमलं नव्हतं." मी भाषांतर केलं. आई लाजल्या. मलाही अभिमान वाटला. घरी आम्ही त्यांना नातू होईल तेव्हा सांभाळायला येणारी आजी एवढंच समजत होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना जेवायला बोलवायला खाली गेलो. टेबलावर १७६१ सालचं पान होतं. फ्राऊ विशार्ट आईंच्या वहीकडे पाहत होत्या.

"आल्झो, बरं तर, हेर श्रीरंग, तुम्हीच विचारा त्यांना," त्या म्हणाल्या. "हे कुठून आणलं?"

वहीत आईंनी देवनागरीत लिहिलं होतं: 'ग्रिझेल'.

मी पान पाहिलं. तारीख, बापाचं नाव, आईचं नाव. मग 'कायदेशीर मुलगी, नाव', आणि पुढे बोटभर कोरी जागा. त्याखाली साक्षीदार. फ्राऊ विशार्टनी सांगितलं की असं पुष्कळदा होई. नंतर विचारून भरू म्हणून कारकून जागा सोडी आणि ती तशीच राहून जाई. त्यांच्या घराण्यात मात्र जवळपास प्रत्येक पिढीत एक मूल असं बिननावाचं होतं.

"आई, इथे काही लिहिलेलं नाही."

"शाई फिकी आहे," आई म्हणाल्या. "पण असलं नाव असतं का हो मुलीचं? ग्रिझेल?"

असतं. जुनं स्कॉटिश नाव आहे. शेजारच्या पॅरिशच्या लग्नांच्या वहीत फ्राऊ विशार्टना दोन दिवसांनी ग्रिझेल विशार्ट सापडली. बापाचं नाव तेच, वय जुळणारं.

पुढच्या आठवड्यात १७८९ च्या कोऱ्या जागेत आईंनी 'युफेम' वाचलं. तीही सापडली, दफनांच्या यादीत.

मी मूळ छायाचित्र ऑफिसात नेलं. मोठं केलं, उजळ-गडद करून पाहिलं, कोऱ्या जागेतला एकेक ठिपका तपासला. कागदाच्या पोतापलीकडे तिथे काही नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, तिची अजून लाज वाटते. दुसऱ्याच एका कुटुंबाची नोंद घेतली, संगणकावर मुलाचं नाव बेमालूम काढून टाकलं, छापलं आणि आईंच्या कागदांत सरकवून दिलं. रविवारी त्यांनी ते पान उचललं, उजेडाकडे धरलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"ही जागा सोडलेली नाही," त्या म्हणाल्या. "पुसलेली आहे. कुणी तरी अलीकडेच पुसली आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला सांभाळून घेतलं.

त्यानंतर मी तपासणं सोडलं.

फ्राऊ विशार्टनी मात्र सगळं लक्षात ठेवलं होतं. जुलैच्या सुरुवातीला त्या वर आमच्याकडे आल्या. तीन मजले चढून, काठी टेकत.

"मला एक भाऊ होता," त्या म्हणाल्या. चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात बॉम्बहल्ल्यात शहर जळलं तेव्हा त्यांची आई चार वर्षांच्या डोरोथेआला घेऊन वोल्फेनब्युटेलच्या पलीकडे एका खेड्यात मावशीकडे गेली. तिथे नोव्हेंबरात मुलगा झाला. पाद्रींनी घाईने बाप्तिस्मा दिला. नवव्या दिवशी बाळ गेलं. आईने पुढे कधी त्याचं नाव काढलं नाही. एकाहत्तर साली ती वारली तेव्हा डोरोथेआने दगडावर तिच्या नावाखाली 'आणि एक मुलगा' एवढंच कोरून घेतलं.

"त्याचं रडणं मला आठवतं," त्या म्हणाल्या. "नाव आठवत नाही. चर्चच्या वहीत मी पाहिलं आहे. तिथेही जागाच आहे."

मी आईंना सांगितलं. आईंनी पदराने हात पुसले. "कधी जायचं विचारा," म्हणाल्या.

गुरुवारी मी सुट्टी घेतली आणि दोघींना गाडीतून नेलं. वाटेत बीटची शेतं होती आणि ऊन होतं. चर्चच्या कार्यालयातल्या बाईंनी कपाटातून जाड वही काढली, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या कामाला लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. वहीला मेणाचा वास होता.

पाद्रींचं अक्षर जुन्या जर्मन वळणाचं, टोकदार. मला एक शब्द लागेना. फ्राऊ विशार्टनी ओळीवर बोट ठेवलं. ओळीच्या मध्ये कोरी जागा होती.

आई वाकल्या.

"यांचं बाकीचं अक्षर मला येत नाही," त्या हळू म्हणाल्या. "एवढं येतं."

मग त्यांनी वाचलं. "मागनुस."

फ्राऊ विशार्टनी टेबलाची कड धरली.

"शेवटच्या आजारात आई मागनुसला हाका मारायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, वडिलांच्या आधी तिच्या आयुष्यात कुणी होता. मी तिच्यावर रागावले होते. ती जाईपर्यंत रागावलेलीच होते."

आईंना जर्मन कळत नाही. त्यांनी फ्राऊ विशार्टचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. दोघी म्हाताऱ्या खिडकीजवळ बसून राहिल्या. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं, त्याला आदर याहून मोठा शब्द मला ठाऊक नाही.

गाडीकडे परतताना मी विचारलं. खरं तर महिनाभरापूर्वीच विचारायला हवं होतं.

"आई, ही नावं तुम्हाला कुठल्या अक्षरात दिसतात?"

त्या थांबल्या. मला वाटतं, तोवर त्यांनी स्वतःला हे विचारलं नव्हतं.

"मोडीत," त्या म्हणाल्या.

मी गाडीचं दार उघडून धरलं.

जुलैच्या शेवटी पाथरवटाचा फोन आला. दगडावर नाव कोरून झालं होतं. शनिवारी सकाळी आम्ही चौघं स्मशानभूमीत गेलो. मैथिलीने पांढरे डेलिया घेतले होते. पाऊस नुकताच थांबला होता, लिंडनची झाडं ठिबकत होती.

काळा, गुळगुळीत दगड. वर फ्राऊ विशार्टच्या आईचं नाव. त्याखाली जुनं 'आणि एक मुलगा', आणि त्याला लागून, नवं आणि स्वच्छ: मागनुस विशार्ट, १९४४.

"गेनाऊ," फ्राऊ विशार्ट म्हणाल्या. "आता बरोबर झालं." त्यांनी नावावरून बोट फिरवलं. मग खालचा कोरा भाग थोपटला आणि हसून मला म्हणाल्या, "ही माझी जागा. भरपूर ठेवली आहे."

मी आईंना सांगायला वळलो.

आई त्या कोऱ्या भागाकडे पाहत होत्या. ओठ हलत होते. नजर डावीकडून उजवीकडे गेली, खाली उतरली, पुन्हा डावीकडून उजवीकडे गेली.

मग थांबली.

फ्राऊ विशार्टच्या ते लक्षात आलं. हसू गेलं नाही, पण मंदावलं. "विचारा त्यांना," त्या म्हणाल्या. "तिथे काही आहे का?"

मी विचारलं.

"नाही म्हणून सांगा," आई म्हणाल्या. त्या फ्राऊ विशार्टजवळ गेल्या, त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि त्यांना हात धरून फाटकाकडे घेऊन गेल्या.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आई बटाटे सोलत होत्या.

"श्रीरंगराव, माझं तिकीट दोन ऑगस्टचं आहे ना? पुढे ढकलता येईल का?"

"येईल. व्हिसा चौदापर्यंत आहे. किती पुढे?"

"नऊ तारीख होऊन जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यानंतरचं कुठलंही चालेल."

मैथिली दारात उभी होती. "अगं, नऊला काय आहे?"

आईंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"काही नाही. त्या दिवशी मी खाली त्यांच्याकडेच जेवेन. एकट्या राहतात बिचाऱ्या."